एक्केचाळीस अंश

आधीचा भाडेकरू सिमेंट कारखान्यातला जर्मन.
जाताना माळ्यावर ठेवून गेला
दोन रिकाम्या बरण्या, इस्त्रीचा फळा
आणि हे पुस्तक : त्याच्या गावच्या कुणा
योआखिम टेल्हाउझचं चरित्र.
रास अल खैमात, एसीच्या घरघरीत,
फोनमधला शब्दकोश उघडून
रोज रात्री अर्धं पान वाचते.
दहावीला त्रिकोणमिती शिकवणारी बाई
दुसरं काय वाचणार.

टेल्हाउझचा बाप मिठाच्या गाड्या हाकायचा.
पोरगा फळीवर खडूनं पोती मोजायचा,
ते एका पाद्र्यानं पाहिलं.
मग लॅटिन शाळा, विद्यापीठ,
आणि धाकट्या गणिताची खुर्ची.
थोरली खुर्ची वेगळी, तिचा पगारही वेगळा.
याला वर्षाचे ऐंशी गुल्डन, बारा पोती राय,
आणि लाकूडफाटा,
तोही थंडी सरता सरता.
घरात सहा विद्यार्थी पैसे घेऊन ठेवलेले.
हे मला समजावायला नको,
माझ्या हॉलमध्ये पडद्याआड दोन नर्स राहतात.

दर वर्षी तो पंचांग काढी :
हिवाळा कडक, तुर्कांचं भय,
रक्त काढून घ्यायला बरे दिवस.
त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता म्हणे,
पण मुलीच्या, ओटिलियेच्या,
बुटांचे पैसे त्यातूनच यायचे.

प्लेग आला.
विद्यापीठ छकड्यांत बसून दुसऱ्या गावी गेलं.
हा मागे राहिला तीन श्रोत्यांपाशी.
दोन वारले.
तिसऱ्यासाठी तास चालूच.

मग पंधरा वर्षं एकच काम, साइनचे तक्ते.
अंशाअंशाला, कलेकलेला,
सात-सात आकडे.
रात्री ओटिलिये बेरजा तपासायची.
प्रस्तावनेत तिचं नाव नाही,
ड्यूकचं आहे, दीड पान.

वर्गात कुणी विचारलं,
गुरुजी, ह्या रेषेला साइनस का म्हणायचं?
साइनस म्हणजे तर अंगरख्याची घडी,
नाहीतर किनाऱ्याची : आखात.
तो म्हणाला, अरबांना विचारा.
पोरं हसली.
त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता,
दोन नद्या फक्त, आणि मिठाचं एक तळं.

आणि मी बसलेय
नेमकी त्याच्या त्या शब्दाच्या काठावर.
आधी ती ज्या होती,
धनुष्याची दोरी, आपल्याकडची.
गलबतात चढली की उंटावर, कोण जाणे.
अरबांनी लिहून घेतली, काना-मात्रा न देता,
पुढच्यानं वाचलं जैब, म्हणजे खिसा.
मग लॅटिनवाल्यानं आपल्या भाषेत
घडी शोधली, खिशासारखी.
एका चुकीच्या वाचनानं
दोरीचं आखात झालं.
'पोरगी आखातात असते' म्हणताना
माझी आई अजूनही
पदराची गाठ चाचपते.

छापून झाल्यावर चूक सापडली.
एक्केचाळीस अंश.
चौथा आकडा शून्य हवा, पडला सहा.
म्हाताऱ्यानं न खपलेल्या प्रती घरी आणल्या
आणि एकेकीत चिकटवत बसला
नखाएवढी चिठ्ठी, वर शून्य.
खपलेल्या प्रती पत्रं धाडून मागवल्या.
दोन परत आल्या.
वैद्यकाची खुर्ची, दुप्पट पगाराची,
त्याला दिल्याचं पत्र
तो गेल्यावर नवव्या दिवशी पोचलं.

आज बाहेरही एक्केचाळीस.
पेपर तपासता तपासता
कॅल्क्युलेटर ओढून घेतला, पाहिलं :
सहा, पाच, सहा, शून्य.
बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.
पर्समध्ये कंत्राटाचा कागद आहे,
आणखी दोन वर्षांचा, सही व्हायचीय.

खाली खोरात ओहोटी लागली,
होड्या मागे सरल्या,
धक्क्याला बांधलेले दोर
एकेक करून ताठ झाले.

पुस्तकाची शेवटची चौदा पानं नुसती सूची.
ओ खाली पाहिलं, मग ट खाली.
मोठा टेल्हाउझ आहे, त्याचा बापही आहे,
मिठाच्या गाड्यांची वेगळी नोंद आहे.